वरची दाढ काढल्यावर इम्प्लांट: त्याच बैठकीत की थांबून?

ऑक्टोबर सुरू होता होता तासगावकडचे एक काका दवाखान्यात आले. वरच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ दुखत होती. रूट कॅनाल चार वर्षांपूर्वी झालेलं, पण वर कॅप बसवायची राहून गेली आणि दातानं ऊस सोलताना दाढेचे उभे दोन तुकडे झाले. आतल्या बाजूचा तुकडा जिभेनं हलत होता. दाढ वाचणार नाही हे त्यांना आधीच कुणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "मॅडम, छाटणी तोंडावर आलीया. एकदाच येतो. दाढ काढा आणि त्याच टायमाला स्क्रू बी बसवून टाका. पोरानं मोबाईलवर दावलंय, एका दिवसात होतंय म्हणून."

सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आता आठवड्यातून दोन-तीनदा येतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला पाच मिनिटांत त्याचं नीट उत्तर देता येत नाही. बाहेर चार जण ताटकळत असतात, माणसाच्या गालाला सूज असते, आणि घाईत दिलेलं अर्धवट उत्तर घेऊन तो घरी जातो. म्हणून इथे सवडीनं लिहिते आहे. ज्यांची वरची दाढ काढायची ठरली आहे आणि जे दोन रस्त्यांमध्ये अडकले आहेत, त्यांच्यासाठी.

"एका दिवसात" म्हणजे नेमकं काय

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. त्याच्यावर अबटमेंट नावाचा जोड येतो आणि त्या जोडावर कॅप, म्हणजे प्रत्यक्ष चावायचा दात. दाढ काढली त्याच बैठकीत स्क्रू बसवणं हा पहिला रस्ता. दाढ काढून खड्डा भरू द्यायचा आणि तीन-चार महिन्यांनी हिरडी उघडून स्क्रू बसवायचा, हा दुसरा. कॅप दोन्हीकडे लगेच येत नाही. वरच्या दाढेच्या जागी पहिल्याच दिवशी चावायचा दात लावून देणं मी करत नाही, कारण चावण्याचा जोर मागच्या दाढांवरच जास्त पडतो आणि वरच्या जबड्याच्या मागच्या बाजूचं हाड आख्ख्या तोंडात सगळ्यात भुसभुशीत असतं. मोबाईलवर दिसणारे एका दिवसातले दात बहुतेक वेळा पुढचे असतात, नाहीतर आख्ख्या जबड्यात चार-सहा स्क्रू घालून ते एकमेकांना बांधलेले असतात. एकट्या दाढेला बांधून घ्यायला शेजारी कुणी नसतं.

म्हणजे हिशेब असा. पहिल्या रस्त्यानं गेलात तर दाढ काढल्यापासून कॅप बसेपर्यंत साधारण चार ते पाच महिने. दुसऱ्या रस्त्यानं सात ते आठ, हाड कमी असेल तर वर्षभरही. फरक तीन-चार महिन्यांचा आणि एका शस्त्रक्रियेचा आहे. तो लहान नाही, पण "एक दिवस विरुद्ध एक वर्ष" असाही नाही.

तीन मुळं आणि मधला वरंबा

आता सगळं ज्यावर अवलंबून आहे ते सांगते. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, दोन गालाच्या बाजूला आणि एक टाळूच्या बाजूला. ती तिपाईच्या पायांसारखी फाकलेली असतात. दाढ काढली की तीन खड्डे उरतात आणि त्या तिन्हींच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा राहतो. पुस्तकात त्याला सेप्टम म्हणतात. मी पेशंटला वरंबा म्हणते, कारण सरी आणि वरंबा सांगितलं की आमच्याकडे कुणालाही चित्र लगेच दिसतं.

स्क्रूची जाडी साधारण पाच मिलिमीटर. दाढेच्या खड्ड्याचं तोंड मात्र आठ ते दहा मिलिमीटर, कधी त्याहून रुंद. द्राक्षबागेच्या मांडवाचा जुना डांब उपटून त्याच खड्ड्यात त्याच्या निम्म्या जाडीचा डांब उभा केला तर काय होईल? हेलकावे खाईल. पुढच्या दातांत आम्ही यावर एक तोड काढतो. खड्ड्याच्या तळाखाली तीन-चार मिलिमीटर घट्ट हाड असतं, तिथवर स्क्रू खोल नेतो आणि तो तळाशी पकड घेतो. वरच्या दाढेत ही तोड बहुधा चालत नाही. मुळांच्या टोकांच्या वर हाड फार थोडं असतं आणि त्याच्यावर सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी. काही जणांची मुळं तर त्या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात. म्हणजे खाली ठोकायला जमीनच नाही. उरतो तो फक्त मधला वरंबा.

२०१३ साली स्मिथ आणि टार्नो या दोघांनी दाढेच्या खड्ड्याचे तीन प्रकार मांडले, आणि आजही दाढ काढल्यावर मी खड्ड्यात बघून मनात हेच वर्गीकरण करते. पहिल्या प्रकारात वरंबा इतका रुंद असतो की स्क्रू पूर्ण त्याच्यात मावतो, चारी बाजूंनी हाड. दुसऱ्यात वरंबा स्क्रूला घट्ट धरतो, पण एखादी बाजू खड्ड्यात उघडी पडते. तिसऱ्यात वरंबा नसतोच, किंवा दाढ काढताना मोडून गेलेला असतो. मग पकड घ्यायची तर खड्ड्याच्या बाहेरच्या भिंतींनाच, आणि त्यासाठी सात मिलिमीटर किंवा त्याहून जाड स्क्रू लागतो.

पहिल्या प्रकारात मी त्याच बैठकीत स्क्रू बसवते आणि रात्री शांत झोपते. दुसऱ्यात बसवते, पण हातातलं रॅचेट, म्हणजे स्क्रू पिळायचा आणि त्याला किती जोर लागतो ते दाखवणारा पाना, काय सांगतं ते बघून. स्क्रू शेवटच्या फेऱ्यांत ३५ न्यूटन सेंटीमीटरच्या आसपास अडला पाहिजे. तिशीच्या खालीच फिरत राहिला तर मी तो काढून घेते. तिसऱ्या प्रकारात मी थांबते. जाड स्क्रू वापरणारे कुशल सर्जन आहेत आणि त्यांचे चांगले निकालही आहेत, हे मान्य. पण बाहेरची, गालाकडची भिंत मुळात पातळ असते. तिच्यावर भार टाकायला माझं मन घेत नाही. शिवाय इतका जाड स्क्रू पुढेमागे निकामी झाला तर मागे राहणारा खड्डाही तितकाच मोठा असतो.

म्हणून "त्याच दिवशी होईल का?" या प्रश्नाचं पक्कं उत्तर दाढ काढायच्या आधी कुणीच देऊ शकत नाही. सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, वरंब्याची रुंदी आणि सायनसपर्यंतचं अंतर दाखवतो. ऐंशी टक्के अंदाज तिथेच येतो, असं माझं मत. पण दाढ निघताना वरंबा शाबूत राहतो की नाही, हे दाढ निघाल्यावरच कळतं. त्यासाठी दाढ आख्खी ओढायची नसते. आधी वरचा भाग कापायचा, तिन्ही मुळं एकमेकांपासून सुटी करायची आणि एकेक मूळ त्याच्या दिशेनं हळूच बाहेर काढायचं. यात तासभर जातो. कुणी पाच मिनिटांत चिमट्यानं दाढ काढून वर लगेच स्क्रू बसवतो म्हणाला, तर मला काळजी वाटते.

हाड वाचतं का?

लगेच बसवण्याच्या बाजूनं सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा हा, की स्क्रू घातला की हाड झिजत नाही. पेशंट हे वाचून येतात आणि कित्येक डॉक्टरही सांगतात. ते जसंच्या तसं खरं नाही.

दात काढला की हाड झिजतं, हे खरं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या एका नावाजलेल्या अभ्यासात दाढा आणि उपदाढा काढलेल्या जागा वर्षभर मोजल्या. हाडाची रुंदी सुमारे निम्म्यानं कमी झाली होती आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. पण खड्ड्यात लगेच स्क्रू बसवून ती झीज अडत नाही, हे २००५ साली आराउजो आणि लिंडे यांच्या चमूनं कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवून दिलं. स्क्रू असो वा नसो, बाहेरची भिंत खाली आलीच. कारण त्या भिंतीचा आतला थर दाताला हाडाशी बांधणाऱ्या धाग्यांवरच जगतो. दात गेला की तो थरही जातो.

झीज थोडी आवरते ती दुसऱ्या गोष्टीनं. स्क्रू आणि भिंतीमधली मोकळी जागा हाडाच्या पुडीनं, म्हणजे बोन ग्राफ्टनं भरायची आणि खड्ड्याचं तोंड हिरडीच्या आकाराच्या झाकणानं बंद करायचं. हे दोन्ही रस्त्यांवर करता येतं. स्क्रू न बसवताही खड्डा ग्राफ्टनं भरून झाकून ठेवता येतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण कुणी विचारल्याशिवाय ती सहसा सांगितली जात नाही. ही पूड पुष्कळदा गाईबैलांच्या हाडांपासून केलेली असते आणि वर घालायचा पातळ पडदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा असतो. आमच्या भागात माळकरी आहेत, जैन घरं भरपूर आहेत. अशा माणसाच्या तोंडात न सांगता ही वस्तू घालणं मला चूक वाटतं. कृत्रिम, खनिजापासून केलेली पूडही मिळते. आधी विचारा आणि हवी ती मागून घ्या.

सायनसचं गणित मात्र लगेच बसवण्याच्या बाजूनं थोडं झुकतं. वरची दाढ गेली की काही जणांत सायनसचा तळ हळूहळू खाली उतरतो. खालून हाड झिजतं, वरून पोकळी वाढते. वर्षानुवर्षं रिकामी ठेवलेली जागा घेऊन लोक येतात तेव्हा कधी तीन-चार मिलिमीटर हाड उरलेलं असतं. मग सायनस लिफ्ट करावी लागते, म्हणजे सायनसचा पातळ पापुद्रा वर उचलून त्याच्याखाली हाड भरणं. पाचेक मिलिमीटर हाड असेल तर ते स्क्रूच्याच छिद्रातून थोडंसं करता येतं. त्याहून कमी असेल तर बाजूनं खिडकी पाडून, आणि मग सहा महिने थांबायचं. पण लक्षात घ्या, हा धोका तीन-चार महिने थांबणाऱ्याचा नाही. "बघू पुढच्या दिवाळीला" म्हणत चार वर्षं घालवणाऱ्याचा आहे. पेशंट परत येईल याची खात्री असेल तर थांबण्यात फारसं बिघडत नाही. परत येणार नाही असं वाटलं तर मी स्वतःच लगेच बसवण्याकडे झुकते, असं प्रामाणिकपणे कबूल करते.

टिकतं किती

इम्प्लांटची विद्या ज्यांच्यापासून सुरू झाली त्या स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिला पेशंट केला. त्यांची मूळ रीत थांबायचीच होती. आधी खड्डा पूर्ण भरू द्यायचा, मग स्क्रू घालून हिरडी शिवून टाकायची आणि वरच्या जबड्यात आणखी सहा महिने वाट बघायची. आज स्क्रूचा पृष्ठभाग खरखरीत केलेला असतो, त्यामुळे हाड लवकर धरतं आणि वाट बघणं कमी झालं.

आकडे सांगायचे तर, एकेका दाताच्या इम्प्लांटवरच्या अभ्यासांचा २०१९ सालचा एक एकत्रित आढावा आहे. लगेच बसवलेल्यांपैकी ९४.९ टक्के टिकले, थांबून बसवलेल्यांपैकी ९८.९ टक्के. तो फक्त दाढांचा आढावा नव्हे, त्यामुळे तो तुमच्या दाढेवर थेट लावू नका. नीट निवडलेल्या दाढांमध्ये लगेच बसवलेले इम्प्लांटही फार चांगले टिकतात. पण दिशा स्पष्ट आहे. दोन्ही चांगले, थांबलेले किंचित अधिक भरवशाचे.

आकड्याच्या मागे काय असतं ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. दवाखान्याची सुरुवातीची वर्षं होती. एका शिक्षिकेची दाढ होती, मे महिन्याची सुट्टी होती आणि शाळा सुरू व्हायच्या आत त्यांना सगळं उरकायचं होतं. वरंबा बारीक होता. रॅचेट पंचविसाच्या आसपास थांबलं. मी मनाशी म्हटलं, धरेल. सहाव्या आठवड्यात वरचं झाकण घट्ट करायला गेले आणि झाकणाबरोबर आख्खा स्क्रू फिरला. त्यांनी डोळे गच्च मिटले, खुर्चीचा हात आवळला. पू नव्हता, सूज नव्हती. हाडानं फक्त धरलं नव्हतं. स्क्रू दोन बोटांनी निघाला. त्या जागी परत हाड भरायला पाच महिने गेले आणि ज्या सुट्टीसाठी घाई केली त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर त्यांचा दात पूर्ण झाला. आधी काढून घेतला असता तर मेपासून सप्टेंबरपर्यंतच थांबावं लागलं असतं. तेव्हापासून रॅचेटशी मी वाद घालत नाही.

दुसरा धोका क्वचित येतो, पण माहीत असावा. भुसभुशीत हाडात पकड न घेतलेला स्क्रू सायनसच्या पोकळीत सरकू शकतो. मग तो काढायला वेगळी शस्त्रक्रिया लागते. थांबून बसवतानाही हे होऊ शकतं, पण खड्डा भरलेला असला की शक्यता कमी.

शरीर काय म्हणतं

काही जणांसाठी हा निवडीचा प्रश्नच उरत नाही. गालावर ताजी सूज आहे, बोटानं दाबलं की पू येतो, ताप आहे, अशा वेळी त्याच बैठकीत स्क्रू बसवू नये. दाढेच्या टोकाशी जुनी, शांत गाठ असेल तर ती पूर्ण खरवडून काढून बसवणं शक्य असतं. तो निर्णय डॉक्टरांचा. त्याच बाजूला सायनसचा त्रास असेल, नाकातून एकाच बाजूनं घाण वास येणारं पाणी येत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कित्येकदा त्या सायनसच्या दुखण्याचं मूळ ही दाढच असते, आणि ती काढल्यावर सायनसला बरं व्हायला वेळ द्यावा लागतो.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, एचबीए१सी, बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. आठच्या वर असेल तर दाढ काढते, पण स्क्रू थांबवते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन चालू असेल तर तोंड उघडायच्या आधी ते सांगा. घरातल्या आजी-काकूंच्या बाबतीत हे बरेचदा विसरलं जातं, कारण "ते तर कॅल्शियमचं औषध" असं त्यांना वाटत असतं. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ती दिलेल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवायचं.

आणि तंबाखू. विडी-सिगारेट, गुटखा, मावा हे लोक कबूल करतात. मिसरी कबूल करत नाहीत, कारण मिसरी लावणं हे व्यसन आहे असं घरात कुणी मानतच नाही. माझी सख्खी आत्या पन्नास वर्षं मिसरी लावत आली. वरची उजवी दाढ काढायची वेळ आली तेव्हा स्कॅनमध्ये वरंबा सुरेख होता, दवाखाना भाचीचा, तिची तयारी होती. तरी मी त्या दिवशी फक्त दाढ काढली. म्हणाले, "आत्या, चार महिने मिसरी सोड, मग स्क्रू." ती चिडली. दोन महिने बोलली नाही. मग एका रविवारी स्वतःच आली आणि डबी माझ्या टेबलावर ठेवली. थांबण्याचा हा एक फायदा कुठल्या तक्त्यात येत नाही: त्या चार महिन्यांत माणसाला शरीराची तयारी करता येते.

मधला रस्ता

तुलना नेहमी दोन टोकांचीच होते, आणि मधली वाट राहून जाते. दाढ काढून सहा ते आठ आठवड्यांनी स्क्रू बसवायचा. तोवर हिरडी खड्ड्यावर पूर्ण येते, त्यामुळे टाके घट्ट बसतात, जंतुसंसर्ग निवळतो, आणि हाडाची झीज सुरू झाली असली तरी भिंती अजून जागेवर असतात. हाड तेवढ्यात भरत नाही हे खरं, पकडीसाठी वरंबा लागतोच. पण ज्यांच्या दाढेला पू होता आणि वरंबा चांगला होता, त्यांच्यासाठी मला ही वाट सगळ्यात आवडते.

पुढच्या दातांत लगेच बसवण्याचा मोठा फायदा दिसण्याचा असतो, हिरडीची कमान शाबूत राहते. वरची दाढ हसताना बहुतेकांची दिसतही नाही. त्यामुळे पुढच्या दातांचे युक्तिवाद उचलून दाढेला लावू नका. आणि दाढ जर सगळ्यात मागची असेल, तिच्याखाली चावायला जोडीदारही नसेल, तर काहीच न बसवणं हाही योग्य निर्णय असू शकतो. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं मधला दात बसवणं, करायचा तर दोन्ही बाजूचे दात घासावे लागतात. त्या दातांना आधीच मोठ्या फिलिंग किंवा कॅप असतील तर ब्रिज वाईट नाही. धडधाकट असतील तर मला ते घासवत नाही.

पैसे

इम्प्लांटच्या कंपनीप्रमाणे दर इतके बदलतात की इथे आकडा लिहिला तर तो कुणालाच लागू पडणार नाही. पण बिल फोडून मागा. स्कॅन, दाढ काढणं, स्क्रू, ग्राफ्ट, पडदा, अबटमेंट, कॅप, प्रत्येकाचा आकडा वेगळा. लगेच बसवलं तर एक शस्त्रक्रिया वाचते, पण मोकळी जागा भरायला ग्राफ्ट बहुधा लागतोच. थांबलात तर कधी ग्राफ्ट लागतच नाही, कधी सायनस लिफ्टचा खर्च वाढतो. म्हणजे लगेच बसवणं स्वस्तच पडतं असं गृहीत धरू नका. खर्च झेपत नसेल, किंवा दुसरं मत हवं असेल, तर आपल्याकडे दंत महाविद्यालयं आहेत: सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं. तिथे वेळ जास्त लागतो, पण वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकाच छताखाली केस बघतात.

आणि डॉक्टर कुठलेही असोत, दाढ काढायच्या आधी एवढं विचारा: स्कॅनमध्ये माझा वरंबा किती रुंद दिसतो? सायनस किती अंतरावर आहे? त्या दिवशी पकड मिळाली नाही तर तुम्ही काय कराल? पहिल्या काही महिन्यांत हाडानं स्क्रू धरला नाही तर पुढचा खर्च कुणाचा? शेवटचे दोन प्रश्न विचारताना अवघडायला होतं, मला कल्पना आहे. तरी विचारा. चांगल्या डॉक्टरकडे त्यांची उत्तरं तयार असतात.

काकांचं काय झालं

त्यांचा स्कॅन त्याच दिवशी करून घेतला. वरंबा सहा मिलिमीटरच्या वर, सायनस पुरेसा लांब, पू नाही, साखर नाही, तंबाखू नाही. मी सांगितलं, "काका, त्याच दिवशी बसवायची तयारी ठेवते. पण दाढ निघाल्यावर आतलं हाड मोडलेलं दिसलं तर फक्त पूड भरून टाका घालेन, आणि तुम्ही जानेवारीत माल सुरू व्हायच्या आत यायचं. दोन्हीला कबूल असाल तरच तारीख देते." ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे खड्डा खणल्यावर ठरवायचं. चालतंय की."

मुळं तिन्ही सुटी निघाली, वरंबा शाबूत. स्क्रू चाळिसाच्या आसपास अडला. मोकळ्या जागेत खनिजाची पूड भरली, झाकण बसवलं, दोन टाके. छाटणी त्यांनी चौथ्या दिवशी सुरू केली, फक्त स्वतः वाकून काम करायचं नाही एवढं पथ्य सांगितलं होतं. कॅप फेब्रुवारीच्या शेवटी बसली.

दोन्ही रस्त्यांना लागू असलेली पथ्यं लिहून ठेवते, कारण दवाखान्यातून बाहेर पडताना भुलीच्या तोंडानं कुणी नीट ऐकत नाही. पहिले दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, दाबायची नाही. स्ट्रॉनं पिणं, जोरात गुळण्या, पिचकारी मारून थुंकणं बंद. भडंग, शेंगदाणे, चुरमुरे त्या बाजूला नकोत. एक दाणा झाकणाखाली अडकला की आठवडाभर त्रास. पहिल्या दिवशी नाकातून रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरू नका, पण डॉक्टरांना फोन करून सांगा. प्यालेलं पाणी नाकातून आलं, किंवा त्या बाजूला फुंकल्यासारखी हवा तोंडात जाणवली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच संध्याकाळी फोन करा.